घरचीच तर आहे

वैशाखातल्या दुपारी माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुधा चाळिशीतला असतो, रक्तदाबाची वा मुतखड्याची तक्रार घेऊन आलेला. पत्नी औषधे घ्यायला बाहेर गेली की तो खुर्ची पुढे ओढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "मॅडम, उन्हाळ्यात बिअर चालते ना? ती थंड असते." आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा थंडाव्याची ओढ मला समजते. तरीही गेली अठ्ठावीस वर्षे माझे उत्तर ठरलेले आहे : थंड असतो तो फ्रिज, बिअर नव्हे. आणि त्यापाठोपाठ माझा प्रश्नही ठरलेला असतो : "रोज किती?"

वाचकहो, हा प्रश्न मी परक्यांना अगदी सहज विचारते. माझ्या सख्ख्या भावाला तो विचारायला मात्र मला तीन आठवडे लागले. त्याच्या अनुमतीनेच ही हकिगत लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्स शहरी राहतो. मी २०२४च्या जूनमध्ये त्याच्याकडे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी त्या शहराने सलग ३१ दिवस ४३ अंशांच्या वरचे ऊन सोसले होते. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच अंगावर आलेली ती कोरडी झळ मला इतकी ओळखीची वाटली, की एवढा प्रवास करून आपण पुन्हा विदर्भातच उतरलो की काय, असा क्षणभर भास झाला.

घरी पोचल्यावर त्याने मला मोठ्या कौतुकाने गॅरेजमध्ये नेले. तेथे एका टबात गार पाणी भरलेले होते, त्यात वीस-बावीस लिटरांची काचेची बरणी उभी होती, बरणीला ओला पंचा गुंडाळलेला होता आणि समोर पंखा फिरत होता. बरणीच्या तोंडावरच्या नळीतून बुडबुडे येत होते. "ताई, ओळख," तो म्हणाला. मी ओळखले. आमच्या अकोल्याच्या घरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता आणि त्याच्या टाकीत दुपारी बादल्या ओतण्याचे काम याच्याकडे असे. पाणी हवेत उडून जाताना उष्णता सोबत नेते, हे भौतिकशास्त्र आम्ही दोघे त्या टाकीवरच शिकलो. माठ त्याच न्यायाने गार होतो, आणि बरणीसुद्धा.

ती बरणी बिअरची होती. १९७८ साली झालेल्या कायद्याने अमेरिकेत प्रौढ व्यक्तीला घरच्यापुरती बिअर बनवण्याची करमुक्त मुभा मिळाली आणि तेव्हापासून हा तिथला लोकप्रिय छंद आहे. आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा या लेखात कोणी कृती शोधू नये. मला सांगायचे आहे ते उन्हाचे, मोजमापाचे आणि आम्हां भावंडांच्या अबोल्याचे.

मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवले की त्यातल्या पिठुळ भागाची साखर होते. तो गोड रस हॉप्सच्या कडवट फुलांसह उकळायचा, निववायचा आणि त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, सोडायचे. यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क व कर्बवायू करते. इडलीचे पीठ फुगते ते सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या वायूनेच. ते उन्हाळ्यात लवकर आणि फार आंबते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते, बिअरचेही तसेच. नेहमीच्या एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंशांची हवा मानवते. त्यातून आंबण्याच्या क्रियेत स्वतःची उष्णता निर्माण होते, म्हणून बरणीच्या आतले तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंश वरच असते. ते २७-२८च्या पुढे गेले की यीस्ट उतावळेपणाने काम उरकते, आणि फ्यूजल नावाने ओळखले जाणारे जड मद्यार्क अधिक प्रमाणात तयार करते. अशा बिअरला उग्र, पातळसर वॉर्निशासारखा वास मारतो. तो टाळण्यासाठीच भावाचा हा सारा आटापिटा चाललेला. भावजयीला आंबूस वास घरात खपत नव्हता, त्यामुळे सारा संसार गॅरेजमध्ये.

दवाखान्यात नेहमी विचारली जाणारी एक शंका येथेच फेडून टाकते. जवाच्या बिअरमध्ये मिथेनॉलचे विष तयार होत नाही. अगदी नगण्य अंश असतो. विषारी दारूच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतले मिथेनॉल बहुतेक वेळा कारखानी असते आणि पैशाच्या लोभाने बाहेरून मिसळलेले असते. म्हणजे भावाची बिअर या अर्थी शुद्ध होती, हे मला मान्य करावे लागते. "ताई, रसायन नाही, काही नाही. घरचीच तर आहे," असे तो प्रत्येक पाहुण्याला सांगे. त्याच्या आग्रहावरून मीही दोन घोट घेतले. चांगली होती.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो गॅरेजमध्ये खाली वाकला, उठला आणि भिंतीला धरून मटकन बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. प्रवासातही रक्तदाबाचे यंत्र माझ्या बॅगेत असते. बसून वरचा दाब १२४ भरला, उभे राहताच ९६. तो रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होता, हे मला ठाऊक होते. मी ऊन आणि ती गोळी या दोघांवर खापर फोडले, त्याला पाणी पाजले, त्याच्या डॉक्टरांना कळवायला सांगितले आणि तेवढ्यावर थांबले. माझ्या दवाखान्यात असा रुग्ण आला असता तर पुढचा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप गेला असता. येथे तो आला नाही. खरे सांगायचे तर आला होता, पण मी गिळला. धाकट्या भावाच्या घरी पाहुणी म्हणून गेलेल्या बहिणीने पहिल्याच भेटीत त्याची झडती घ्यावी का, असे मी स्वतःला समजावले.

जून संपता संपता तिकडच्या पावसाळ्याची चाहूल लागली. पाऊस आला नाही, नुसती हवेत ओल आली. आपल्याकडे मृगाच्या सुमारास कूलर लावूनही अंग चिकचिकते, तसेच त्या ओल्या पंच्याचे झाले. दमट हवेत पाणी उडत नाही आणि उडाले नाही तर गारवाही नाही. बरणी तापली, बुडबुडे दोन दिवस खदखदले आणि थांबले. भावाने समजूत करून घेतली की आंबणे पुरे झाले. दोन दिवस लागोपाठ घनता मोजून ती स्थिर आहे ना, हे पाहण्याचा त्याचा नियम होता. तो त्याने त्या खेपेला मोडला. बाटल्या भरताना फेसासाठी लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालतात, ती घातली आणि बुचे घट्ट लावली. आत मुळातली साखर अजून शिल्लक होतीच.

चौथ्या रात्री गॅरेजमधून सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा. आम्ही दारापाशी थिजून उभे राहिलो. सकाळी पाहतो तो लाकडी फडताळात काचेच्या अणकुचीदार कपच्या रुतल्या होत्या, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. शालेय वयाचा माझा भाचा त्याच फडताळाखाली सायकल ठेवतो. वाचकहो, आल्याची फसफसती पेये, कोंबुचा, फळांचे आंबवलेले सरबत असे प्रयोग आपल्याकडेही उन्हाळ्यात घरोघरी होऊ लागले आहेत. काचेच्या बाटलीचे झाकण घट्ट लावून ती ओट्यावर विसरू नका. अशी बाटली फुगलेली दिसत नाही, ती थेट फुटते. संशय आलेल्या बाटलीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. तोंड-डोळे झाकून, जाड हातमोजे घालून, जाड कापड टाकून मगच ती हलवावी.

काचा वेचताना भावजय आणि मी दोघीच होतो. कोपऱ्यात रिकाम्या बाटल्यांची खोकी रचलेली होती आणि खिळ्याला भावाची वही टांगलेली होती. तो मुळातला अभियंता. प्रत्येक खेपेची तारीख, घनता, किती बाटल्या भरल्या, कोणाला किती दिल्या, सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले. मार्चच्या आरंभापासून सोळा आठवडे, आठ खेपा, प्रत्येकी अर्ध्या लिटराच्या छत्तीस बाटल्या. म्हणजे २८८. मित्रांना दिलेल्या ३६. फुटलेल्या धरून शिल्लक २८. भावजय पीत नाही. मी उरलेल्या २२४ ला ११२ दिवसांनी भागले. भावजय माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ताई, मला वाटलं तुम्हांला दिसलं असेल. तुम्ही डॉक्टर आहात, म्हणून मी थांबले होते."

रोज दोन बाटल्या. बिअरच म्हणून याला हसू नका, पुढचा हिशेब पाहा. आंबवण्यापूर्वी आणि नंतर रसाची घनता हायड्रोमीटरने मोजली की दोहोंतल्या फरकावरून मद्यार्काचे प्रमाण काढता येते. वहीत १.०५२ आणि १.०१० असे आकडे होते, त्यांवरून साडेपाच टक्के. पण फीनिक्सच्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच कोमट येते, त्यामुळे रस पुरता निवत नाही, आणि कोमट द्रवात हायड्रोमीटर खऱ्यापेक्षा कमी घनता दाखवतो. ते उपकरण साधारण १६ ते २० अंशांसाठी आखलेले असते. ३८ अंशांच्या रसात ते पाच-सहा अंकांनी चुकते. पहिला आकडा खरे तर १.०५८ धरायला हवा होता. दुसरे मोजमाप घरातल्या गार खोलीतले, ते जवळपास बरोबर. म्हणजे बिअर साडेपाच नव्हे, ६.३ टक्क्यांची. अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम मद्यार्क. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगात तो दहा ग्रॅमच्या आसपास असतो. माझा भाऊ, ज्याने आयुष्यात व्हिस्कीला हात लावला नाही असे तो अभिमानाने सांगे, तो रोज पाच पेगांइतका मद्यार्क घेत होता. आणि बाजारातल्या बाटलीवर निदान टक्केवारी छापलेली असते.

सकाळच्या अंधारीचाही आता उलगडा झाला. मेंदूतून स्रवणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगते; मद्यार्क त्याचाच आवाज दाबतो. त्यामुळे प्यायलेल्यातले बरेच पाणी लघवीवाटे निघून जाते. मद्यार्काने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उन्हानेही रुंदावतात, त्यात लघवी वाढवणारी गोळी. उभे राहताच रक्त पायांत उतरते आणि डोके रिते होते. मुतखड्यावर बिअर प्यावी हा सल्लाही याच गैरसमजातला. लघवी वाढते खरी, पण खडा बिअरने विरघळत नाही, आणि युरिक आम्ल मात्र वाढते. लघवी वाढवायला पाणी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की मद्यार्काचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारले, "रोज किती?" तो हसला. "एखादी. ताई, घरचीच तर आहे." मी वही पुढे ठेवली. तो बराच वेळ स्वतःचेच अक्षर वाचत राहिला. मग म्हणाला, "हा भागाकार मी कधी केला नाही." खोटे बोलत नव्हता तो. जो माणूस हॉप्स ग्रॅममध्ये तोलत होता, त्याने आपला पेला कधी मोजला नव्हता.

मी त्याला एकदम बंद कर असे सांगितले नाही. रोज पिणाऱ्याने अचानक थांबल्यास हातांना कंप, घाम, निद्रानाश, क्वचित झटके व भ्रम होऊ शकतात. म्हणून हे वैद्यकीय देखरेखीखालीच करावे. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने बंद करायची नसते. तो त्याच्या डॉक्टरांकडे गेला आणि प्रथमच खरा आकडा सांगून आला. तपासणीत यकृतावर मेद आढळला. गोळी बदलली, पेला हळूहळू उतरवत आणला. बरणी आजही गॅरेजमध्ये आहे, रिकामी नव्हे. हिवाळ्यात तो एखादी खेप करतो आणि बहुतेक मित्रांना वाटतो. त्याने ती फोडून टाकावी अशी माझी इच्छा होती. त्याने ऐकले नाही.

आता दर रविवारी आमचे व्हिडिओवर बोलणे होते. हवापाण्याचे विचारून होण्याआधीच तो आकडा सांगतो : "ताई, या आठवड्यात तीन." मग मी त्याच्यामागे भाजी निवडत बसलेल्या भावजयीकडे पाहते. ती मान हलवते. कधी होकाराची, कधी नुसतीच.