उशीखालची पाटी

युरोपचा इतिहास शिकवितांना ४७६ हा सन फळ्यावर ठळक लिहिण्याचा प्रघात आहे. त्या सालीं ओडोएकर नांवाच्या सेनापतीनें रोम्युलस ऑगस्ट्युलस या कोंवळ्या वयाच्या बादशहास पदच्युत केलें आणि पश्चिमेकडील रोमन साम्राज्य संपलें. पूर्वेकडील साम्राज्य कॉन्स्टँटिनोपल येथें १४५३ पर्यंत टिकलें, हेंही विद्यार्थी पाठ करतात. तीसाहून अधिक वर्षें हा विषय शिकवून सेवानिवृत्त झाल्यावर माझें मन मात्र एका निराळ्याच प्रश्नापाशीं घोटाळतें. राज्य बुडाल्यावर विद्या कोणाच्या आश्रयानें जगते?

ऑस्ट्रोगॉथ लोकांचा राजा थिओडोरिक पाहा. बालपणीं ओलीस म्हणून तो सुमारें दहा वर्षें कॉन्स्टँटिनोपलास होता. तेथील दरबाराची रीतभात त्यानें जवळून पाहिली. ४९३ सालीं त्यानें ओडोएकरास मेजवानींत स्वहस्तें ठार केलें हें खरें. तथापि पुढें ५२६ पर्यंत इटलीचा कारभार त्यानें रोमन अधिकाऱ्यांकरवीं चांगला चालविला. अरिस्टॉटलचे तर्कग्रंथ लॅटिन भाषेंत आणणारा बोएथियस हा त्याच्याच पदरचा मोठा अधिकारी. परंतु उतारवयांत राजाच्या मनांत संशय शिरला. बोएथियस फितूर ठरला आणि ५२४ च्या सुमारास त्याचा वध झाला. बंदिवासांत असतां त्या पंडितानें तत्त्वज्ञान ही एक स्त्री कल्पून तिच्याशीं केलेला संवाद लिहून ठेविला.

आतां शार्लमेन. हा फ्रँक लोकांचा राजा ७६८ सालीं गादीवर आला. ८०० सालच्या नाताळांत पोप तिसरा लिओ यानें रोम येथें त्याच्या मस्तकीं बादशाही मुकुट ठेविला. त्याला लॅटिन बोलतां येई, ग्रीक समजे. पण लिहितां येत नसे! त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो कीं, राजा उशीखालीं पाट्या ठेवी आणि सवड सांपडतांच अक्षरें गिरवी. परंतु आरंभ उशिरां झाल्यामुळें हात म्हणावा तसा वळला नाहीं. साक्षरतावर्गांत पन्नाशीच्या माणसांना ‘ग’ काढतांना मीं पाहिलें आहे. नांगर लीलेनें धरणाऱ्या त्या हातांना पेन्सिल जड होते व कपाळीं घाम येतो. म्हणूनच बादशहाची ती पाटी मला त्याच्या मुकुटाहून मोलाची वाटते.

स्वतःची उणीव त्यानें ओळखली, आणि इंग्लंडांतील यॉर्कहून अल्क्विन या विद्वानास मानानें आपल्याकडे आणिलें. ७८९ च्या आज्ञापत्रानें मठांतून मुलांसाठीं शाळा काढाव्या, व्याकरण व गणित शिकवावें, ग्रंथ शुद्ध करून लिहावे असें ठरलें. मठांतील लेखकांनीं सुटसुटीत, वाटोळें वळण रूढ केलें. अनेक प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रती त्याच काळच्या आहेत. बोएथियसाचा तो संवादही अल्क्विनच्या काळापासून पुन्हा वाचला जाऊं लागला. पुढें पंधराव्या शतकांत इटलीच्या पंडितांनीं तें वळण प्राचीन रोमन समजून उचललें, आणि त्यावरून छापखान्याचे खिळे घडले. आपलीं मुलें इंग्रजीचीं जीं लहान छापील अक्षरें वाचतात, त्यांचें कुळ हें असें आहे.

तथापि ७८२ सालीं याच राजानें सॅक्सन लोकांची एका दिवसांत कत्तल करविली. तत्कालीन बखरींत ४,५०० हा आंकडा आहे. शाळा काढल्यानें तें रक्त धुवून निघत नाहीं. राजांचा आश्रय असा बेभरंवशाचा असतो. एकानें विद्वान पदरीं बाळगून मारला, दुसऱ्यानें हजारोंचीं मस्तकें उडवून ग्रंथ राखले. विद्या खरी जगली ती थंडींत बोटें आंखडत असतांही पानामागून पान उतरणाऱ्या अनाम लेखकांमुळें.

ज्याचा क्षय होत नाहीं तें अक्षर, असें आपले वैय्याकरण सांगतात. आपल्या घरांत एखाद्या वृद्धेनें नातवाची पाटी मागून घेतली, तर कोणीं हंसूं नये. तिला शेजारीं बसवून घ्यावें.