एकटाच कशाला?

चि. बाळूस,

‘हॉट टब टाइम मशीन’ला तू पोरकट म्हणून निकालात काढलेस, ते मी एक वेळ सोडून देईन, परंतु ‘मला मागे जाता आले तर मी एकटाच जाईन’ हे जे सहज लिहून गेलास, त्याने दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

अरे, 2010चा तो चित्रपट पुन्हा नीट पाहा. परस्परांपासून दुरावलेले तीन मित्र, त्यांतला लू मरणाच्या दारातून परतलेला, म्हणून उरलेले दोघे एका भाच्यासह त्याला तारुण्यातल्या त्या बर्फाळ डोंगरावरच्या मुक्कामी नेतात, आणि ऊन पाण्याच्या कुंडात बसले असता, कुंडाच्या बटणांवर कसलेसे पेय सांडल्याचे निमित्त होऊन, चौघे थेट 1986 सालात जाऊन पडतात. 1985च्या ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये निदान एका शास्त्रज्ञाने बुद्धिपुरस्सर यंत्र बांधले होते, येथे कोणाचा संकल्पच नाही, आणि विनोदाचे बीज माझ्या मते तेथेच आहे. त्याच जुन्या चित्रपटात नायकाचा बाप झालेला क्रिस्पिन ग्लोव्हर येथे सामान वाहणारा नोकर आहे: 2010 साली त्याला एकच हात, 1986 साली दोन्ही धड! तो कोठेही दिसला की ‘आता जाणार हात’ म्हणून आपण श्वास रोखून बसतो. भविष्य बिघडू नये म्हणून जुने सारे प्रमाद घडल्याबरहुकूम पुन्हा करावयाचे ठरते. त्या मित्रांपैकी ॲडम प्रेयसीला सोडण्याचे टाळू पाहतो, तर तीच त्याला सोडते, आणि जेवणाचा काटा डोळ्यापाशी खुपसला जावयाचा तो जातोच.

लू अखेर मागे राहतो, हा दाखला तू पुढे करशील, ठाऊक आहे मला. पण चित्रपट संपतो तो सारे पुन्हा एकत्र जमल्यावरच ना? भूतकाळात एकट्याने गेलेला मनुष्य केवळ कुढत बसतो. हसावयास सोबती लागतात, त्या प्रमादांना साक्षी असलेले.

वाईहून आल्यापासून तुझ्या त्या दोघा मित्रांशी तू बोलत नाहीस, हे मला वहिनींकडून कळावे? वेळेवर जेवतोस ना? रात्री दिवा किती वाजता मालवतोस? शनिवारची सायंकाळची गाडी मुक्रर कर. त्या दोघांनाही मी निराळी पत्रे टाकली आहेत; रागावू नकोस. अंथरूण आणू नकोस, चौघांपुरते आहे. बंब मी पेटवून ठेवतो.

तुझा,
काका