ठिपके गेले, कोर्स बाकी आहे!

फिश टँक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डेंटिस्टची वेटिंग रूम, एखाद्या कंपनीचं रिसेप्शन, नाहीतर वास्तुशास्त्रवाल्यांचं ऐकून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेली काचेची पेटी. रंगीत मासे, बुडबुडे, मंद लाइट. ऑफिसचं टेन्शन घालवायचा सोप्पा फंडा! पण या पेटीत आजारपण शिरलं की हॉलचं आयसीयू होतं, हे मला यंदाच्या जानेवारीत कळलं.

आमच्या घरचा टँक बाबांचा. सातपूरच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतलेला. दोन फुटी, साधारण ६० लिटर पाण्याचा. चहा, पेपर, माशांना दाणे हे त्यांचं सकाळचं टाइमटेबल. मी फ्रीलान्सर, म्हणजे दिवसभर घरीच लॅपटॉपसमोर. त्यामुळे ‘अगं, मासे कसे पळतायत बघ’ हे दिवसातून चारदा ऐकायचं भाग्यही माझंच.

नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नकोच. पारा एक आकडी झाला की आपण स्वेटर काढतो, पण गप्पी, मॉली, एंजल हे सगळे गरम पाण्यातले जीव. टँकचं पाणी १९ अंशांवर आलं होतं. त्यातच बाबांनी दोन नवे गप्पी आणून थेट आत सोडले. गार पाण्यानं प्रतिकारशक्ती घटलेली आणि वर बाहेरचे पाहुणे! आठवड्याभरात काळ्या मॉलीच्या अंगावर कुणीतरी बारीक मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके दिसायला लागले. मासे दगडांवर अंग घासत होते. तिसऱ्या दिवशी एक गप्पी गेला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘वाईट वाटून घेऊ नका. घरावरचं संकट माशानं अंगावर घेतलं.’’ ऐकायला बरं वाटतं. पण संकट टळलं नव्हतं, त्याचा वंश वाढत होता.

या संकटाचं नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलीस. हौशी मंडळी लाडानं ‘इक’ म्हणतात. फूके नावाच्या फ्रेंच संशोधकानं १८७६ मध्ये त्याचं वर्णन केलं. नावाचा अर्थ भारी आहे, ‘भरपूर पोरंबाळं असलेली माशांची ऊ’. प्रत्यक्षात ती ऊ नाही, एकपेशीय परजीवी आहे. पण पोरांबाबत नाव अगदी खरं! हा जीव माशाच्या कातडीखाली शिरून पोसतो. तोच आपल्याला दिसणारा ठिपका. पोट भरलं की तो माशावरून सुटतो, तळाशी चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यात एकाचे शेकडो होतात. ही पोरं पाण्यात सुटतात आणि नवा मासा शोधत पोहतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात.

आता गंमत बघा. कातडीखालच्या ठिपक्यावर औषध पोचत नाही. कवचावरही नाही. औषध चालतं ते फक्त मधल्या पोहणाऱ्या पोरांवर, जी डोळ्यांना दिसतच नाहीत. थोडक्यात, जे दिसतं त्यावर इलाज नाही आणि ज्यावर इलाज आहे ते दिसत नाही!

मग आम्ही काय केलं? हीटर आणला आणि तापमान दोन-तीन अंशांच्या टप्प्यांनी, चार दिवसांत ३० पर्यंत नेलं. गार पाण्यात या परजीवीचं चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं, गरम पाण्यात काही दिवसांत आटपतं. म्हणजे पोरं लवकर बाहेर येतात आणि लवकर सापडतात. त्यात ३० अंशांच्या आसपास त्याच्या बहुतेक जातींची वाढच खुंटते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एअर पंप चोवीस तास चालू. लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे १२० ग्रॅम खडेमीठ, पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घातलं. रोज नळीनं तळ उपसून थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच नवं, क्लोरीन काढलेलं, कोमट पाणी भरायचं. बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा. एका रात्री लाइट गेली तेव्हा टँकला आजीची गोधडी गुंडाळली. वर दुकानातल्या दोन-तीन बाटल्याही ओतून टाकाव्यात असं बाबांना वाटत होतं. मी नको म्हटलं. आधीच आजारी माशांवर औषधांची मिसळ कशाला?

मधल्या काळात अजून एक गप्पी आणि एक मॉली गेली. आठव्या दिवशी मात्र ठिपके गायब!

‘‘बरे झाले की मासे. काढ आता तो हीटर, बिल येतंय,’’ बाबा म्हणाले.

‘‘बाबा, ठिपके गेले म्हणजे ते तळाशी पडलेत. खरं काम आता सुरू होतंय.’’

हे बोलताना माझं लक्ष फडताळाकडे गेलं. तिथे बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती. दिवाळीत डॉक्टरांनी सुरू केलेली, जेमतेम चार गोळ्या फोडलेली. विचारलं तर म्हणाले, ‘‘चक्कर नाही, डोकं दुखत नाही. बरं वाटतंय, मग रोज कशाला?’’ त्याच संध्याकाळी क्लिनिकमध्ये मोजलं तर वरचं १६० आणि खालचं १००. आणि बाबांना खरोखरच काही होत नव्हतं!

वाद घालायची गरजच पडली नाही. टँककडे बोट दाखवलं, एवढंच. बीपी काही परजीवी नाही आणि त्याचा कोर्स पंधरवड्यात संपतही नाही. पण ‘दिसत नाही म्हणजे नाही’ हा हिशेब दोन्हीकडे तितकाच चुकतो. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये टाकून ऑफिस गाठणाऱ्या आपल्या पिढीनं बाबांना हसू नये!

माशांचा कोर्स आम्ही शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी दहा दिवस चालू ठेवला. १२ पैकी नऊ मासे वाचले. घरात आता एक जादा टब आलाय. नवा मासा आणला की आधी तीन आठवडे तिथेच मुक्काम, मग टँकमध्ये गृहप्रवेश.

आणि बाबांचं टाइमटेबल? चहा, पेपर, गोळी, माशांना दाणे. दोन्ही डब्या एकाच फडताळात आहेत. झाकणांचे रंग वेगळे आहेत, काळजी नसावी!