घरचा सर्व्हर, खाडीकाठी

जेसल पार्कच्या आमच्या घरात टीव्हीच्या कपाटावर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक रात्रंदिवस चालू असतो. वडिलांनी लिहिलेल्या भाईंदरच्या मिठागरांच्या आठवणी आणि जुने फोटो मी त्यावरच्या साइटवर ठेवले आहेत. विजेचं ओझं नाही. पाच वॅट धरले तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. अडलं ते पत्त्यापाशी.

राउटरमध्ये 80 आणि 443 हे पोर्ट उघडले, तरी बाहेरून साइट उघडेना. राउटरला मिळालेला आयपी पत्ता 100.72 ने सुरू होत होता, त्यावरून उलगडा झाला. 100.64 ते 100.127 हे पत्ते 2012 साली इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही4 या जुन्या पत्तापद्धतीचे एकूण पत्ते सुमारे 430 कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल 2011 मध्येच संपत आला. म्हणून अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. पाकिटावर सोसायटीचं नाव असावं आणि फ्लॅट नंबर नसावा, तशी गत. घरातून बाहेर जाता येतं, बाहेरच्याला घर सापडत नाही.

यावर मी बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरून घरापासून तिथपर्यंत बोगदा काढला. जोडणी घरातूनच सुरू होते, त्यामुळे ती अडत नाही. दर 25 सेकंदांनी एक छोटासा संदेश जातो आणि वाट उघडी राहते. साइट पाहणारा त्या सर्व्हरवर येतो आणि बोगद्यातून घरी पोचतो; मजकूर आणि फोटो सगळे घरीच आहेत.

वीज गेली की राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर चालतात, पण जिन्यातल्या डब्यातला केबलवाल्याचा स्विच बंद पडतो आणि साइटही जाते. खाडीचा खारा, दमट वारा वेगळाच त्रास देतो. मागे नेट वारंवार तुटू लागलं, तेव्हा केबल काढून पाहिली. टोकाच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. टोक कापून नवा कनेक्टर बसवला. सतत नोंदी लिहून मेमरी कार्ड झिजतं, म्हणून सगळं एसएसडीवर हलवलं. रोज रात्री एक प्रत पुण्याला ताईच्या घरी जाते, कारण इथे पाणी शिरलं किंवा डिस्क गेली तरी वडिलांचं लेखन राहायला हवं.

एवढा खटाटोप मला मोलाचा वाटतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर सर्न या संशोधन संस्थेतल्या आपल्या नेक्स्ट संगणकावरच चालवला होता आणि तो बंद करू नये अशी चिठ्ठी त्यावर चिकटवली होती. वेब सुरू झालं तेच एका माणसाच्या कामाच्या यंत्रावरून. ती मुभा सामान्य घरांना आजही मिळायला हवी, आणि आयपीव्ही6 या नव्या पत्तापद्धतीत घरटी पुरून उरतील इतके पत्ते आहेत. त्यामुळे नवं कनेक्शन घेताना वेगाच्या आधी एवढं जरूर विचारा : आयपीव्ही6 देता का, आणि बाहेरून येणारी जोडणी घरापर्यंत पोचते का?