हेब्रिडीज बेटांतून शिडाच्या नौकेनें

स्कॉटलंड देशाचें नांव आमच्या शाळांतील मुलांस परकें नाहीं. १८२९ सालीं मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन त्याच देशचे. परंतु त्या देशाचा पश्चिम किनारा किती खडकाळ आहे, हें नुसता नकाशा पाहून कळत नाहीं. समुद्रानें तेथें भूमि कुरतडून तिचे शेंकडों तुकडे केले आहेत. त्या तुकड्यांस हेब्रिडीज बेटें म्हणतात. गेल्या उन्हाळ्यांत तिकडील चार स्नेह्यांसह एक शिडाची यॉट आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें घेऊन आम्हीं ह्या किनाऱ्याचा कांहीं भाग पाहिला. नौकेबरोबर तिचा तांडेलही होता. त्याचें वय साठीपुढचें आणि बोलणें मोजकें.

ओबन बंदरांतून निघून मल्ल बेटाच्या आडोशानें पहिल्या दिवशीं आम्ही टोबरमोरी गांवीं पोहोंचलों. दुसऱ्या दिवशीं उघड्या समुद्रावर आलों. वारा मंद होता व आकाश निरभ्र होतें. पण दूर महासागरांत उठलेल्या कोणत्या तरी वादळाच्या लांबलचक लाटा संथपणें येत होत्या. स्टाफा बेट समोर दिसूं लागलें. त्याच्या पायथ्याशीं पांढरा फेंस उसळत होता. त्या बेटाला नांगर टाकण्यास सुरक्षित अशी जागा नाहीं. तांडेलानें थोडा वेळ लाटांकडे पाहिलें आणि सुकाणूं फिरविलें.

आम्हां सर्वांचा हिरमोड झाला. सोबत्यांपैकीं एकजण म्हणाला, “स्टाफा पाहण्याकरितांच तर आम्हीं पूर्ण आठवड्याचें भाडें भरलें आहे!” तांडेल शांतपणें उत्तरला, “नौका तुम्हीं भाड्यानें घेतली आहे, समुद्र नाहीं.” पुढें बराच वेळ नौकेवर कोणी बोललें नाहीं.

सायंकाळीं मल्लच्या नैर्ऋत्य टोंकाशीं, एरेड नांवाच्या लहानशा बेटाआड, तांबूस ग्रॅनाइटच्या दोन भिंतींमधील चिंचोळ्या जागेंत नांगर टाकला. तेथें आम्हांस दोन रात्री थांबावें लागलें; आणि त्या थांबण्यांतच ह्या प्रवासाचा खरा लाभ झाला. ह्या बेटावर डू आर्टाख दीपस्तंभाचे दगड घडविले गेले. तो खडक येथून सुमारें १५ मैल आंत, महासागरांत आहे. लाटा निवतील तेव्हांच त्यावर उतरतां येई, म्हणून १८६७ सालीं आरंभिलेलें काम १८७२ पर्यंत चाललें. तें काम करणाऱ्या स्टीव्हन्सन घराण्यांतील तरुण मुलगा रॉबर्ट लुई १८७० सालीं येथें राहून गेला. त्यानें १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘किडनॅप्ड’ कादंबरीचा नायक ह्याच बेटावर अडकून उपाशीं तळमळतो. कारण ओहोटीच्या वेळीं पायीं पलीकडे जातां येतें, हें त्यास ठाऊक नसतें. आम्हीं ओहोटीची वेळ पाहून ती वाळू पायीं ओलांडली. सहा तासांपूर्वीं तेथें पाणी होतें!

रविवारीं समोरच्या आयोना बेटावरील प्राचीन मठांत उपासनेस गेलों. ५६३ सालीं संत कोलंबा बारा सोबत्यांसह आयर्लंडहून कातड्यानें मढविलेल्या होडींतून आला व त्यानें येथें मठ स्थापिला. पुढें ६३५ सालीं येथूनच एडन नांवाचा साधु इंग्लंडांत सुवार्ता सांगण्यास गेला. त्या होडीस ना यंत्र होतें, ना आजच्यासारखे हवामानाचे अंदाज ऐकण्याची सोय. वाऱ्याची व भरतीची वाट पाहणें हाही त्यांच्या सेवेचाच एक भाग असला पाहिजे, असें त्या शांत देवळांत बसलों असतां मनांत आलें.

सोमवारीं समुद्र निवला. तांडेलानें आपण होऊनच स्टाफाकडे नौका वळविली. लहान होडी वल्हवीत आम्ही फिंगलच्या गुहेच्या तोंडाशीं गेलों. दोन्ही बाजूंस काळ्या बसाल्टचे बहुधा षट्कोनी खांब, जणूं कोणीं मापून रचिलेले. सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजतांना आकसला व त्यास भेगा पडून हे खांब बनले. आमच्या सह्याद्रीचा काळा दगडही अशाच लाव्ह्याचा असून तो याहून थोडा जुना आहे. मुंबईंत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर असेच उभे खांब दिसतात. गुहेंत शिरणारी प्रत्येक लाट आंत घुमून मंद स्वर काढीत होती. तिचें तेथल्या गेलिक भाषेंतील नांव ‘मंजुळ गुहा’ अशा अर्थाचें आहे. १८२९ सालीं जर्मन संगीतकार मेंडेल्सोन हें बेट पाहून गेला व पुढें त्यानें हेब्रिडीजच्या नांवानें एक प्रसिद्ध रचना केली. तो स्वर कानीं पडला तेव्हां तांडेलावर रुसलेला आमचा सोबती सर्वांत अधिक वेळ स्तब्ध बसला होता. परततांना त्यानें तांडेलाचा हात हातीं घेतला. शब्द मात्र एकही काढला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, पुढें तुम्हीही आपापली नौका घेऊन निघाल. फी भरली म्हणजे विद्या मिळालीच पाहिजे, कष्ट केले म्हणजे यश त्याच दिवशीं हातीं आलेंच पाहिजे, असें पुष्कळांस वाटतें. कित्येक पालकांसही वाटतें. वाऱ्यास व लाटांस धमकावून शांत करण्याचा अधिकार गालील समुद्रावर एकानेंच गाजविला. इतरांनीं भरती-ओहोटीचें ज्ञान मिळवावें, शिडें व दोर नीट राखावे, आणि नांगर टाकून थांबण्याची वेळ आली तर तीही वेळ रिकामी जाऊं देऊं नये.