हर्णैच्या समुद्रात, इंजिन बंद करून

ऊन चढले की वारा सुटतो, पाणी हलू लागते, म्हणून सकाळीच निघा, असे लॉजवाल्याने बजावले होते. फज्रची नमाज आटोपून आम्ही सहा जण हर्णै बंदरावर पोहोचलो. दापोलीहून हे अंतर पंधराएक किलोमीटर. माझ्या अम्मीने मिरजेबाहेरचे पाणी म्हणजे कृष्णा नदी एवढेच पाहिलेले. बिस्मिल्ला म्हणत, माझा दंड घट्ट धरून तिने होडीत पाय ठेवला. आणखी एक कुटुंब आमच्यासोबत होते.

होडी सुवर्णदुर्गाच्या बाजूने निघाली. मागे कनकदुर्गावरचे दीपगृह लहान होत गेले. मासळी उतरवणाऱ्या ट्रॉलरांवर कुरव पक्ष्यांचा नुसता कलकलाट. एक ब्राह्मणी घार पाण्याला पंजा लावून मासा घेऊन गेली, तेव्हा अम्मी पहिल्यांदा हसली.

मग काळपट पाठी दिसल्या. चित्रातल्यासारख्या उंच उड्या नाहीत; कुबडासारखी पाठ वर येते, वळते, बुडते. कोकणात किनाऱ्यालगत दिसतो तो हाच कुबडी डॉल्फिन. तो उथळ पाण्यात राहतो, म्हणजे होड्यांच्या वाटेतच त्याचे घर.

"चाची, हा मासा सारखा वर का येतो?" पुतण्याने विचारले. शिक्षिकेची सुट्टीतही सुटका नाही! सांगितले, हा मासा नव्हेच. फुफ्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. देवमासाही तसाच. २०२३च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू किनाऱ्याला लागले होते. माणसांनी पुष्कळ धडपड केली, पण ते वाचले नाही.

एवढ्यात एका मोठ्या पाठीला चिकटून लहान पाठ दिसली. आमची धरून तीन होड्या त्यांच्यामागे सुटल्या. मादी डावीकडे वळली की आम्ही डावीकडे.

"भाऊ, इंजिन बंद करा ना," मी म्हणाले.

"बाई, मी थांबलो तर दुसरे पुढे जातील. उद्या गिऱ्हाईक त्यांच्याच होडीत बसेल."

सोबतचे गृहस्थही कुरकुरले, "पैसे मोजलेत आम्ही." दोघांचेही खोटे नव्हते. डॉल्फिनला १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हे मी सांगणार होते. पण अम्मीच बोलली. "लेकरू आहे रे तिच्यासोबत. थांब बाबा."

तांडेलाने तिच्याकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. दोन्ही होड्या पुढे निघून गेल्या. आम्ही नुसते डुलत राहिलो. गृहस्थ तोंड फिरवून बसले. पाचेक मिनिटांनी होडीच्या अगदी जवळ 'फूस्स' असा आवाज आला, आणि लगेच त्याच्यामागून एक बारीक 'फूस्स'.

"सुब्हानअल्लाह, दम घेतेय बघ," अम्मी कुजबुजली. गृहस्थांनी आपल्या मुलाला उचलून कडेला धरले.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, हिवाळा उत्तम. मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, ते आधी पाहा. आणि दर ठरवतानाच सांगून ठेवा, डॉल्फिन दिसले की पाठलाग नको, इंजिन बंद. आमच्या तांडेलाने त्याचे जास्त पैसे घेतले नाहीत.