चतुःसीमा

आमच्या झाशीच्या घरातील देवघराच्या कोनाड्यात एक शिसवी फणेरपेटी असे. झाकण उघडून मागे टेकविले की त्याच्या आतल्या अंगाचा आरसा उभा राही, आणि खालच्या कप्प्यांत फणी, मेणाची डबी व कुंकवाचा पितळी करंडा अशी तिची ठरलेली मांडणी दिसे. आमचे कोणी पूर्वज सुभेदारीच्या अमदानीत रत्नागिरीकडून निघून, नर्मदा ओलांडून येथे चाकरीस आले, तेव्हा त्यांच्या कुटुंबाने ती पेटी बरोबर आणली, असे आजी सांगे. या हकिगतीला कागदोपत्री दाखला कोणताच नव्हता. परंतु आजीने ती पेटी ज्या हाताने उघडावी, त्या हातातील आदर हाच आम्हा मुलांना पुरेसा दाखला वाटे.

झाशी हे बुंदेल्यांच्या मुलखातील गाव. त्याचा किल्ला ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला. पुढे १७२९ मध्ये महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाने छत्रसालाला सोडविले, त्या उपकाराच्या पोटी बुंदेलखंडातील मोठा हिस्सा पेशव्यांकडे आला, आणि १७४२ पासून नारो शंकरांनी किल्ल्याला जोड देऊन त्याच्या पायथ्याशी शहर वसविले. त्यांच्यामागून ज्या नेवाळकरांनी येथे राज्य केले, त्यांचेही मूळ गाव रत्नागिरीकडील कोट. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले, दुसऱ्या वर्षी संस्थान खालसा झाले, आणि त्यानंतर चारच वर्षांनी जे घडले ते मराठी वाचकाला सांगावयाची आवश्यकता नाही. राज्य गेले, सनदा गेल्या. शे-दीडशे वर्षे येथेच नांदलेली आमच्यासारखी कुटुंबे मात्र राहिली. गल्लीत आम्हांला 'दक्षिणी' म्हणत, आणि त्या शब्दात परकेपणापेक्षा ओळखच अधिक असे.

लहानपणी मला एका गोष्टीचे नवल वाटे. झाशीच्या परकोटाच्या वेशींना ओर्छा दरवाजा, दतिया दरवाजा, भांडेर दरवाजा, सागर दरवाजा अशी नावे आहेत. म्हणजे दरवाजे आमच्या गावाचे आणि नावे मात्र दुसऱ्या गावांची! मी आजोबांना याचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी काही न बोलता दप्तरातून आमच्या घराच्या जागेचा जुना मोडी कागद काढला आणि त्यातील चतुःसीमेचा मजकूर मला वाचून दाखविला. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस विहीर, पश्चिमेस कासाराचे घर, उत्तरेस शेजाऱ्यांची भिंत. "बघ, यात आपले नाव एकदाही आले नाही," ते म्हणाले. "आपली हद्द सांगायची तर शेजाऱ्याचेच नाव घ्यावे लागते."

उत्तरेकडची ती भिंत जिज्जींची. साऱ्या गल्लीने त्यांना जिज्जी म्हणावे, असे त्यांचे वय आणि वजन होते. चैत्रात आजीचे हळदीकुंकू असे. चौरंगावर झोपाळ्यातली गौर, पुढे आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे असा थाट असे, आणि शहरातल्या दक्षिणी बायकांबरोबर गल्लीतल्या बुंदेली बायकाही त्याला येत. फणेरपेटी त्या दिवशी ओसरीवर येई. आजी प्रथम मेणाचे बोट लावी आणि त्यावर कुंकू रेखी; ते दोन्ही भुवयांच्या मध्ये, जराही वर नाही, जराही खाली नाही. जिज्जींचे सौभाग्य मात्र भांगात असे. त्या कपाळावर कुंकू लावून घेत आणि मग करंड्यातील चिमूटभर स्वतःच उचलून भांगात भरीत. असे किती वर्षे चालले ठाऊक नाही. परंतु एका चैत्रात मी पाहिले की आजीचे बोट भुवयांमध्ये टेकून तेथेच न थांबता सावकाश वर सरकले आणि जिज्जींच्या भांगापर्यंत पोचले. जिज्जींनी मान वाकवली. दोघीही काही बोलल्या नाहीत. भुवईपासून भांगापर्यंतचे ते चार बोटांचे अंतर कापावयाला आजीला सारा जन्म लागला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

वृंदावनलाल वर्मा हे याच जिल्ह्यातले, मऊरानीपूरचे. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'झाँसी की रानी' या त्यांच्या कादंबरीत राणीच्या हळदीकुंकवाचे वर्णन आहे, आणि त्यात नगरातल्या बुंदेली स्त्रियाही येतात. हिंदी वाचकाला ती एक रम्य कल्पना वाटली असेल. मला मात्र त्या पानांवर आमची ओसरी दिसली.

आम्हा मुलींचा आश्विन या चैत्राहून गमतीचा. पितृपंधरवड्यात बोरीची काटेरी फांदी आणून तिच्या काट्याकाट्याला फुले खोवावयाची आणि ती नटवलेली मामुलिया मिरवीत नेऊन तलावात सोडावयाची, हा बुंदेली मुलींचा खेळ. आम्ही ती लक्ष्मी तलावावर नेत असू. नवरात्र लागले की भिंतीवर मातीचा सुअटा उभा राही आणि अंगणात नौरता सुरू होई. आणि त्याच दिवसांत संध्याकाळी आमच्या घरी पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला जाई. जिज्जींच्या नाती आमच्या फेरात असत आणि मी त्यांच्या सुअट्यापाशी. कोणता खेळ आपला आणि कोणता त्यांचा, हा प्रश्न मला त्या वयात पडलाच नाही.

तो पडला तो लग्नानंतर, पुण्यात. आईने फणेरपेटी माझ्याबरोबर दिली होती. माझ्या तोंडून 'इकडे'ऐवजी कधी 'इतै' निघून जाई आणि घरात हसू उसळे. झाशीत मी दक्षिणी होते. येथे 'उत्तरेकडची' झाले. पहिल्याच चैत्रात हळदीकुंकवाला आलेल्या एका प्रौढ बाईंना मी कुंकू लावू लागले, तो त्या दचकून मागे सरकल्या. माझे बोट, माझ्या नकळत, त्यांच्या भांगाशी गेले होते. "आपल्यात असे नसते गं," सासूबाई हलकेच म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग मुळीच नव्हता. परंतु 'आपल्यात' या शब्दाची हद्द कोठे लागते, हे मला त्या दिवशी प्रथम शोधावेसे वाटले.

माहेरी येता-जाता मी तो शोध करू लागले. मनमाडला गाडी बदलून पंजाब मेलमध्ये बसावयाचे आणि दर स्टेशनावर फलाटावरच्या बायकांची कपाळे न्याहाळावयाची, असा माझा परिपाठ पडला. झाशीला भांगात शेंदूर, रावेर-भुसावळला कपाळी कुंकू आणि काष्ट्याचे लुगडे, येथवर हिशेब सरळ होता. परंतु मधल्या मुलखाने तो कधीच जुळू दिला नाही. बुऱ्हाणपूर नकाशाप्रमाणे मध्य प्रदेशात. तेथे फलाटावर मराठी ऐकू येई. नर्मदा ही सरहद्द मानावी, तर तिच्या उत्तरेला माझे स्वतःचे माहेर! शिवाय त्या आश्विनातल्या खेळांचे काय करावयाचे? पुण्याकडे भोंडला, खानदेशात गुलाबाई, माळव्यात सांझी, बुंदेलखंडात मामुलिया आणि नौरता. एका मुलीने दुसरीचा हात धरावा तशी ही माळ डोंगर-नद्या ओलांडून गेलेली, आणि तिच्यात हात सुटलेली जागा मला सापडली नाही. ग्रियर्सनच्या भाषापाहणीत मराठीचा खंड १९०५ चा आणि बुंदेलीचा १९१६ चा, असे वेगळाले ग्रंथ आहेत खरे. पण छिंदवाडा-नागपूरकडील कोष्टी-कुंभारांच्या बोली त्यानेही मिश्र म्हणूनच नोंदविल्या आहेत. ग्रंथांना पुठ्ठे असतात; बोलींना ते कसे असावेत?

अशा वेळी मला गोविंदपंतांचे स्मरण होई. नेवऱ्याचा हा खेर पेशव्यांचा मामलेदार होऊन सागरास आला आणि १७६० च्या डिसेंबरात, पानिपतापूर्वी काही दिवस, कामास आला. इतिहास त्याला गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो. वसुलीस गेलेला मनुष्य ज्या मुलखाचा वसूल करीत होता त्याचेच नाव लेऊन गेला. आजोबांच्या मोडी कागदाचा अर्थ मला येथे पुन्हा भेटला: मनुष्याची चतुःसीमाही शेजारच्या नावाने लिहावी लागते.

आई गेल्यानंतर झाशीचे घर विकावयाचे ठरले. कचेरीतल्या कारकुनाने दस्तऐवजाची चौहद्दी वाचली. पूर्वेचा रस्ता होता. दक्षिणेची विहीर बुजून तेथे दुकान झाले होते. पश्चिमेकडचा कासार कधीच गेला होता. उत्तरेस जिज्जींच्या नातवाचे नाव आले, आणि दीडशे वर्षांत शेजाऱ्यांची तेवढी एकच बाजू जागेवर राहिली, हे ऐकून माझे डोळे भरून आले.

फणेरपेटी मी पुण्याहून बरोबर आणली होती. माझ्या घरात आता तिचे कप्पे रिकामे पडू लागले होते. मुलीसुनांच्या टिकल्यांना मेणही लागत नाही आणि करंडाही नाही. निघण्याच्या दिवशी मी ती जिज्जींच्या नातसुनेपुढे ठेवली. तिने झाकण टेकवले, आरशात क्षणभर पाहिले, आणि मला पाटावर बसवून आधी माझी ओटी भरली. ती 'ओली' म्हणाली. त्यांच्या बोलीत पदराला आणि मांडीला तोच शब्द आहे, आणि तांदूळ माझ्या पदरात पडताना मला त्या दोन शब्दांतले अंतर जाणवले नाही. मग तिने करंड्यातले कुंकू बोटावर घेतले आणि माझ्या दोन्ही भुवयांच्या मध्ये टेकवले. जराही वर नाही, जराही खाली नाही. तिथून ते बोट सावकाश वर सरकू लागले.

"तुला हे कोणी शिकविले?" मी विचारले.

"कोऊ ने नईं," ती हसून म्हणाली, "हमाए इतै तो ऐसई होत."

त्या 'हमाए इतै'मध्ये माझी आजी होती, हे तिला सांगावे असे एकदा ओठांवर आले. परंतु मी मान वाकवून तशीच बसून राहिले, कारण तिचे बोट अजून भांगापर्यंत पोचावयाचे होते.